सोमाजींचं नाव उघडत नाही

१

गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता आमच्या पिपरटोल्यातली एक्केचाळीस म्हातारी माणसं एकदम गप्प झाली. तशी त्यातली चाळीस धडधाकट होती आणि आपापल्या ओट्यावर उन्हाला बसली होती. गप्प झाली ती संगणकातली.

मी प्रवीण, आमच्या ग्रामसभेच्या वनहक्क समितीचा सचिव. गावाशेजारचा मोठा तलाव कागदोपत्री जंगलात गेलेला आहे. तो मुळात गावाचा होता, गावालाच परत मिळावा म्हणून आम्ही दावा टाकला होता. त्यासाठी एक्केचाळीस वडीलधाऱ्यांचे जबाब व्हिडिओवर घेतले. लिहिता-वाचता न येणारी माणसं आमच्याकडे पुष्कळ, म्हणून आमची ऑपरेटर जोया हिने एक सोपी सोय करून दिली. एकच यादी, तिच्यात एक्केचाळीस नावं. नावावर क्लिक केलं की तो माणूस पडद्यावर येऊन बोलायला लागायचा. ग्रामसभेत बायाबापड्या आपलं नाव कधी येतं म्हणून वाट बघत बसायच्या. आमच्या गावाच्या लेखी संगणक म्हणजे ती यादी. माझ्याही लेखी तेवढाच.

शुक्रवारी अकरा वाजता गडचिरोलीला सुनावणी होती. सगळं नीट आहे ना, एवढं बघावं म्हणून मी पहिल्या नावावर क्लिक केलं. इंग्रजीत एक चौकट आली, फाईल उघडता येत नाही म्हणून. दुसरं नाव, तीच चौकट. तिसरं, तीच. मी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नावांवर क्लिक केलं आणि शेवटच्या नावालाही तीच चौकट आली.

शेवटचं नाव सोमाजींचं होतं. सोमाजी उन्हाळ्यात वारले. हद्दीचा दगड मुळात तलावाच्या पलीकडे होता, हे बाकीच्यांनी ऐकलेलं. सोमाजींनी डोळ्यांनी पाहिलेलं. जबाब देताना त्यांनी जोयाला कॅमेरा सुरू करून लांब मोहाच्या झाडाखाली बसायला लावलं होतं आणि बजावलं होतं, "हे सुनावणीतच उघडा, त्याच्या आंधी नाई." आम्ही शब्द पाळला, कोणी उघडलं नाही. आता ते उघडणारच नसेल तर तलाव गेला, हे मला लख्ख दिसत होतं.

दहा मिनिटांत समिती गोळा झाली. "कोणी केलं?" "कोणाचं काम आहे हे?" असा एकच गलका. आमचे अध्यक्ष म्हणजे माझे सख्खे काका, पोचूकाका. ते पडद्याकडे टक लावून म्हणाले, "सगळे? सगळे कसे काय गेले?" मग खुर्चीवर बसले आणि हळूच म्हणाले, "काल संध्याकाळी जोयाच होती इथी एकटी."

जोया तेवढ्यात दारात आली. सगळं ऐकून ती म्हणाली, "प्रवीणभाऊ, मले एक मिनिट माऊस द्या."

मी माऊस दिला नाही. उलट तिला नको नको ते बोललो आणि घरी जायला सांगितलं. माझं डोकं तापलं की मला पुढचं काही दिसत नाही. ती निघून गेली, आणि आमच्या गावात संगणक कळणारं एकमेव माणूस मी स्वतःच्या हाताने हाकलून दिलं.

२

चामोर्शीला अमिनाबाईंचं संगणक आणि प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे. दोन तालुक्यांत काहीही बिघडलं की लोक त्यांनाच फोन लावतात. बाई पंचेचाळिशीच्या, बोलणं सावकाश, नजर मात्र सगळीकडे. फोन केल्यावर तासाभरात त्यांची स्कूटी आमच्या समितीच्या खोलीपुढे उभी राहिली. हकिकत त्यांनी मला दोनदा सांगायला लावली, कोण काय बोललं तेसुद्धा. जोयाचं ऐकल्यावर म्हणाल्या, "आंधी तिले बोलवा. मंग मी बॅग उघडीन."

मला जोयाच्या घरी जाऊन हात जोडावे लागले. ती आली, पण माझ्याकडे बघत नव्हती.

अमिनाबाईंनी एका नावावर क्लिक केलं, चौकट आली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. "प्रवीणभाऊ, तुम्ही हे वाचलं?"

"वाचलं ना. उघडत नाई म्हणते."

"पुढचं?"

"पुढचं इंग्रजीत होतं."

"पहिलंबी इंग्रजीतच होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. जोयाला हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदाच माझ्या छातीवरचं ओझं थोडं हललं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. हल्ली चोरटे साधी दिसणारी यादी नाहीतर चिठ्ठी पाठवतात. तिच्यातल्या दुव्यावर क्लिक केलं की भलतीच फाईल उघडते आणि संगणक त्यांच्या ताब्यात जातो. म्हणून सुरक्षेचं नवीन अपडेट आलं, की अशा यादीतल्या दुव्यावरून फाईल उघडूच द्यायची नाही. "त्याले काय माहीत, ही यादी तुमचीच आहे म्हणून? त्यानं दाराले कुलूप लावलं. घर आतमधी जसंच्या तसं आहे."

"म्हंजे फाईली आहेत?"

"मी सकाळी तेच पाह्यणार होते," जोया म्हणाली. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

अपडेट कधी बसलं त्याची नोंद अमिनाबाईंनी काढली. मंगळवार, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. मग यादी बाजूला सारून त्यांनी फाईली ठेवलेला फोल्डर थेट उघडला. पडद्यावर ओळीने नावं दिसली. अंजनाबाई. क्लिक केलं. अंजनाबाई बोलायला लागल्या. मी अक्षरशः टाळी वाजवली. खिडकीतून बघणारी माणसंही हसायला लागली. गेलेला तलाव परत आल्यासारखं वाटलं मला.

अमिनाबाई मात्र बोट ठेवून मोजत होत्या. त्यांनी दोनदा मोजलं.

"चाळीस आहेत," त्या म्हणाल्या. "सोमाजी नाईत."

३

आमच्या संगणकाला नेट नाही. अपडेट आलं ते कोणाच्या तरी मोबाईलवरून. जोया लगेच म्हणाली, "मंगळवारी संध्याकाळी अंकुश आले होते. त्याहीले एक मेल पाठवाचा होता, तवा त्याहीनं आपल्या मोबाईलचं नेट जोडलं."

अंकुश हे नाव ऐकलं आणि माझं रक्त पुन्हा उसळलं. हा मोहर्लीकडच्या एका रिसॉर्टचा माणूस. आमच्या तलावात बोटी सोडायच्या, काठावर तंबू ठोकायचे, असं त्याच्या मालकाच्या डोक्यात आहे. दावा पडला तर सगळ्यात आनंद त्यालाच. मी म्हटलं, चोर सापडला.

तो तलावावरच होता. आम्ही गेलो तेव्हा काठी टाकून पाणी मोजत होता. मी तोंड उघडायच्या आत अमिनाबाईंनी विचारलं, "मंगळवारी किती वेळ बसले होते संगणकावर?"

"मेल जाईपर्यंत. मंग ते मशीन आपल्या आपणच बंद होऊन सुरू झालं. जोयाताई बाजूलेच बसून होत्या पूर्ण वेळ." तो माझ्याकडे वळला. "भाऊ, तलाव मले पायजेच. खोटं कायले सांगू? पण तुमाले मिळाला तर मी तुमच्याशी बोलीन, जंगलखात्याकडे राहिला तर त्याहीच्याशी. चोरी करून माझी नोकरी घालवू का?"

जोयाने मान डोलावली, मंगळवारी ती त्याच्या बाजूची उठलीच नव्हती. मला त्याचं पटलं नाही. परतताना मी अमिनाबाईंना म्हटलं, हाच आहे, चेहऱ्यावरून दिसते. त्या म्हणाल्या, "चेहऱ्यावरून तर सकाळी जोया दिसत होती तुमाले."

खोलीच्या पायरीवर इंदुताई बसून होती. इंदुताई म्हणजे सोमाजींची सून, शेजारच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

"प्रवीणभाऊ, हासू नका मले," ती म्हणाली. "काल दुपारी मी मामाजीचा आवाज ऐकला."

४

आम्ही तिला आत नेऊन पाणी दिलं. अंगणवाडी आणि समितीची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. बुधवारी दुपारी पोरांना खिचडी वाढताना भिंतीपलीकडून सासऱ्यांचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते, पण आवाज तोच, मधूनमधून खोकणारा.

"मले वाटलं माझंच डोकं फिरलं. घरी कोणाले बोलली नाई. आज ऐकलं का व्हिडिओ गेले, तवा म्हटलं सांगून टाकावं."

"किती वेळ चालला आवाज?" अमिनाबाईंनी विचारलं.

"पोरं जेवली, मी ताटं घासली, तरी चालूच होता."

म्हणजे बुधवारी दुपारपर्यंत सोमाजींची फाईल जागेवर होती. अंकुश मंगळवारीच निघून गेलेला आणि त्याच्याकडे खोलीची किल्ली नाही. माझा चोर हातातून निसटला. आता उरले किल्लीवाले तिघं. मी बुधवारी दिवसभर मुलचेऱ्याला होतो, मेव्हण्याच्या सोयरिकीच्या बोलणीला. जोया चामोर्शीला नकाशे छापायला गेली होती.

"अकरा ते चार माझ्याच दुकानात होती," अमिनाबाई म्हणाल्या.

तिसरी किल्ली कोणाकडे, ते मी बोललो नाही. बोलायची गरजही पडली नाही, कारण बाहेर ट्रॅक्टर आला. आमच्या काकांचा ट्रॅक्टर लांबूनच ओळखू येतो. त्यांना झाडीपट्टीच्या नाटकांचं भारी वेड. हंगामात रात्र-रात्र नाटकं बघतात, आणि दिवसा ट्रॅक्टरवर त्याच नाटकांची गाणी लावून गावभर फिरतात.

अमिनाबाई बाहेर गेल्या. "पोचूभाऊ, गाणं मस्त आहे. पेनड्राईव्हमधी कोण भरून देते?"

"कोण कायले देते? मीच भरतो ना," काका खुशीत म्हणाले. "मोबाईलवर उतरवाचं, मंग पेनड्राईव्हमधी टाकाचं. दोन वर्षं झाले, कोणाच्या हातापाया पडत नाई."

मलाही अभिमान वाटला. सत्तरीला टेकलेला माणूस, शाळा चौथीपर्यंत.

आत आल्यावर अमिनाबाईंनी आवाजाचं विचारलं. काका म्हणाले, "हो, मीच होतो. सुनावणीच्या आंधी उघडते का नाई, पाहून घ्यावं म्हटलं. यादीतल्या सोमाजीच्या नावावर क्लिक केलं, तोंड दिसलं, लगेच बंद केलं. शब्द देला होता ना त्याले. मी गेलो तवा फाईल होती. संध्याकाळी जोया आली."

"मी नकाशे कपाटात ठेवले अन् गेले. संगणक चालूबी नाई केला," जोया म्हणाली.

अमिनाबाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग मला म्हणाल्या, "प्रवीणभाऊ, दाराची कडी लावा. हे घरातल्या घरात बोलू."

५

खोलीत आम्ही पाच जण. काका, जोया, इंदुताई, अमिनाबाई आणि मी.

"पोचूभाऊ," अमिनाबाईंनी सुरुवात केली, "मंगळवारी सहा चाळीसपासून त्या यादीतलं एकबी नाव उघडत नाई. बुधवारी दुपारी तुमाले कसं उघडलं?"

काका म्हणाले, "दिवस चुकला असन माझा."

"आवाज इंदुबाईनं बुधवारीच ऐकला. अन् तोंड पाहून बंद केलं म्हणता, तर ताटं घासून होईपर्यंत कोण बोलत होतं? फाईल उघडली हे खरं. पण यादीतून नाई. तुमाले यादी लागतच नाई, कारण फोल्डरमधून पेनड्राईव्हमधी नाटकं भरता तुम्ही. यादीचं दार बंद झालं हे तुमाले कळलंच नाई, तुम्ही त्या दारानं गेलेच नव्हते."

काकांनी कडी लावलेल्या दाराकडे पाहिलं.

"आज सकाळी सगळे विचारत होते, कोणी केलं. तुम्ही विचारलं, सगळे कसे काय गेले. ज्यानं एकच पुसला त्यालेच सगळे गेल्याचं नवल वाटन."

मी ओरडलो, "अमिनाबाई, विचार करून बोला. माझे काका आहेत." पुरावा काय, असंही विचारलं. माझा विश्वासच बसत नव्हता.

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. संगणकातली जागा दाखवणारी पट्टी लालभडक झाली होती, जागा काठोकाठ भरलेली. त्यांनी एक आडबाजूचा फोल्डर उघडला. तिथे बारा नाटकं होती, एकेक तीन तीन तासांचं. बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांपासून पुढे एकामागून एक आणून टाकलेली.

"हे कायले केलं, पोचूभाऊ?" त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं. "तुमची नाटकं तर पेनड्राईव्हमधी होतीच."

"मोबाईलवाला म्हणला होता मले," काका म्हणाले, "पुसलेली फाईल वापस काढता येते. पण त्याच्यावर दुसरं भरलं का मंग नाई निघत."

अमिनाबाईंनी डोळे मिटले. "बरोबर सांगितलं त्यानं," त्या म्हणाल्या.

६

सोमाजींनी काय सांगितलं होतं, ते काकांनी खाली मान घालून सांगितलं. साठ वर्षांपूर्वी गावात मोजणी आली. हद्दीचा दगड तलावाच्या पलीकडे होता. मोजणीच्या कारकुनाशी संधान बांधून एका माणसाने तो दगड उपटून तलावाच्या अलीकडे आणून रोवला. तलाव जंगलात गेला. त्या बदल्यात तलावाखालची चार एकर धानाची जमीन त्या माणसाच्या नावावर चढली. दगड उपटायला त्याने सोमाजींना सोबत नेलं होतं. त्या माणसाचं नाव सुकलू.

सुकलू म्हणजे काकांचे वडील. माझे आजोबा. ती चार एकर वाटणीत माझ्या बाबांकडे आली आणि आज मी कसतो.

"बापाचं नाव भर सभेत निघालं असतं," काका म्हणाले. "मले वाटलं, एक जबाब गेला तर काय होते, चाळीस आहेत ना."

अमिनाबाईंनी संध्याकाळपर्यंत हरतऱ्हेने प्रयत्न केला. सोमाजी निघाले नाहीत. नऊ सेकंदांचा एक तुकडा तेवढा सापडला, त्यात नुसता खोकला होता. इंदुताईने तो तीन वेळा ऐकला.

निघताना अमिनाबाई काकांसमोर थांबल्या. "व्हिडिओ गेला, पोचूभाऊ. पण तो ऐकणारा एक माणूस अजून आहे."

"मी?" काका म्हणाले. "मी माझ्या बापाच्या विरुद्ध बोलू?"

सांगा म्हटलं तर माझी जमीन जाते. नका सांगू म्हटलं तर गावाचा तलाव जातो. आणि सकाळी एका निरपराध पोरीला मी याच तलावासाठी चोर ठरवलं होतं. मी आधी जोयाकडे गेलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "जोया, माझं चुकलं. मले माफ कर." मग काकांपुढे जाऊन उभा राहिलो. "सांगा, काका," म्हटलं. ते उठले आणि पायीच घरी गेले. ट्रॅक्टर रात्रभर समितीच्या खोलीपुढेच होता.

शुक्रवारी सकाळी ते पांढरं धोतर, टोपी घालून जीपमध्ये येऊन बसले. गडचिरोलीच्या सभागृहात चाळीस जबाब झाले, ऐकीव म्हणून बाजूला ठेवले गेले. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "प्रत्यक्ष पाहणारा कोणी आहे का?" मी मागे वळून बघितलं नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काका पुढे गेले आणि सगळं सांगितलं. दगड, कारकून, चार एकर, बापाचं नाव. एकही शब्द गाळला नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "हे तुम्हाला कोणाकडून कळलं?"

"सोमाजीनं सांगितलं होतं व्हिडिओत. तो मी पुसला, तेबी लिहा. पण मले ऐकाची गरज नव्हती, साहेब. दगड बैलबंडीत टाकून आणला. तिथी तीन माणसं होती. माझा बाप, सोमाजी आन् मी. आठ वर्षांचा होतो. बैलांचा कासरा माझ्या हातात होता."

हे त्यांनी आम्हालाही सांगितलं नव्हतं. साठ वर्षं कोणालाच नाही. माझ्या शेजारी इंदुताईने तोंडाला पदर लावला. मला त्यांचा राग आला होता, तो त्या क्षणी गेला, कुठे गेला ते कळलंही नाही.

"ती जागा दाखवाल?"

"आत्ता चाला."

साहेबांनी कारकुनाला शब्दन् शब्द लिहून घ्यायला सांगितलं. मग कागद चाळत विचारलं, "आणि तलावाखालची ती चार एकर? आज ती कोण कसतं?"

काकांनी तोंड उघडलं, पण ते उत्तर त्यांच्याने देववेना. सगळं गाव माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतं. या वर्षीचं धान अजून त्याच चार एकरांच्या बांधीत उभं होतं.

"मी, साहेब," मी उठून म्हणालो. "सुकलूचा नातू. माझाबी जबाब लिहून घ्या."